चौथ्या पानाच्या तळाशी

गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी भीमराव रोकडे दोनशे बाराव्या वेष्टणावर पत्त्याची पट्टी चिकटवत होते. नारायण पेठेत एका बाइंडरच्या दुकानावर दहा बाय बाराची खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर घरी शिजवलेल्या खळीची वाटी. साप्ताहिक ‘मुठाकाठ’चे टपालानं जाणारे अंक चारशे बारा. वेष्टणं गुरुवारी सकाळी तयार होतात, अंक संध्याकाळी छापून येतो आणि शुक्रवारी टपालात पडतो. एकोणचाळीस वर्षं हा क्रम चुकलेला नाही.

दोनशे बारावी पट्टी होती श्रीमती शालन ओव्हाळ, कोथरूड, यांची. ही पट्टी चिकटवताना भीमराव हात जरा लवकर उचलतात. खोलीत कुणी नसलं तरी.

वेष्टणांच्या गठ्ठ्याशेजारी एक कागद होता. कोथरूडच्या विहाराला लागून नवं वाचनालय झालं आहे. त्याच्या दारात काळ्या ग्रॅनाइटवर भीमरावांची कविता कोरून बसवायची आणि रविवारी त्यांचा सत्कार करायचा, असं तिथल्या समितीनं ठरवलं होतं. कोरण्याआधीचं प्रूफ समितीच्या सौरभनं पाठवलं होतं. बहात्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच कवितेचं प्रूफ तपासायला देणं हा मानाचा भाग होता.

भीमरावांनी पट्टी ठेवली, हात पुसले आणि ओळीखाली फूटपट्टी धरून ते वाचू लागले.

दार उघडतं, बाळ येतं,
कुणी वेळ लिहितं, कुणी वजन.
मी पाणी कोमट करते,
कोपर बुडवून बघते.
वाड्यातलं असो, वस्तीतलं असो,
रडणं एकाच पट्टीतलं.
अंग पुसताना कळतं,
पाणी कुणाला नाव विचारत नाही.

आठ ओळी, आठ बरोबरच्या खुणा. मग खाली उजव्या कोपऱ्यात: भीमराव रोकडे. फूटपट्टी तिथं आली आणि थांबली. प्रूफात एकच चूक होती, आणि ती ही होती.

कविता शालन ओव्हाळांची आहे. हे पुण्यात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जण आतापर्यंत गप्प राहून मोठा झाला होता.

भीमरावांचे वडील मुळशीकडून येऊन मंडईत हमाली करायचे. मुलगा मॅट्रिक झाला आणि शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायला लागला. एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं वाचायचं, ओळ बसवायची. कविता ते कागदावर लिहीत नसत; मालक जेवायला गेले की थेट खिळ्यांत जुळवत, एक प्रत काढत आणि खिळे परत खणांत टाकत. १९८६ साली त्यांनी जुनं ट्रेडल मशीन घेतलं आणि चार पानांचा ‘मुठाकाठ’ काढला. शिष्यवृत्तीच्या तारखा, विहारांतले कार्यक्रम, पाणी न येण्याच्या तक्रारी, निधनवार्ता, आणि वाचकांच्या कविता. सफाई खात्यातले, रेल्वेतले, शाळांतले लोक या पेपराला लिहायचे, कारण इथं त्यांची नावं नीट छापली जायची.

दुसऱ्या पानावर एक चौकट असे: ‘आमची चूक’. त्या चौकटीनं भीमरावांचं नाव झालं. एकदा एका मयताचं वय चौऱ्याहत्तरऐवजी बहात्तर छापलं गेलं. मुलानं कळवलं, दोन वर्षांनी काय बिघडतंय, राहू द्या. भीमरावांनी राहू दिलं नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती आली. रोकडे चूक लपवत नाहीत, असं लोक म्हणत. व्याख्यानांत उदाहरण देत.

ऑगस्ट १९९४ मध्ये शालन ओव्हाळांचा कागद आला. त्या महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात आया होत्या, वय छत्तीस. प्रसूतिगृहाच्या छापील फॉर्मच्या पाठीमागे दहा ओळी, खाली नाव आणि पत्ता. त्या आठवड्यात चौथ्या पानाच्या तळाशी जागा उरली होती, पण कवितेला तीन ओळींची जागा कमी पडत होती. कवितेखाली पेपराची शेवटची ओळ येते: मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक भीमराव तुकाराम रोकडे यांनी छापून प्रसिद्ध केले. ही ओळ कायद्यानं लागते, काढता येत नाही. भीमरावांनी कवितेच्या शेवटच्या दोन ओळी काढल्या आणि कवयित्रीचं नाव काढलं. नाव पुढच्या अंकात ‘आमची चूक’मध्ये देऊ, असं ठरवलं. कागद टेबलावरच्या उभ्या तारेत टोचून ठेवला.

अंक गेला. कविता बिननावाची, आणि तिच्याखाली लगेच भीमरावांचं नाव. शिवाय साप्ताहिकात बिननावाचं जे असतं ते संपादकाचं, हे वाचक धरून चालतात. सोमवारपर्यंत सतरा पोस्टकार्डं आली. एका मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, पुरुष असून आयाच्या मनात इतकं शिरलात, आपणांस वंदन. त्याआधी भीमरावांच्या स्वतःच्या एकाही कवितेवर तीनहून जास्त कार्डं आली नव्हती.

मंगळवारी शालन ओव्हाळ स्वतः आल्या. हातात अंक, ड्यूटीची पांढरी साडी. दारातच उभ्या राहिल्या.

“नाव राहिलं,” त्या म्हणाल्या.

“जागा नव्हती, ताई. पुढच्या अंकात येतंय.”

“बरं.”

दुरुस्तीच्या तीन ओळी भीमरावांनी खरंच जुळवल्या. सुतळीनं बांधून बाजूला ठेवल्या. त्या आठवड्यात एका सभेत कुणीतरी कविता म्हणून दाखवली आणि भीमरावांना उभं राहायला लावलं. ते उभे राहिले. पुढच्या अंकात शाळाप्रवेशाची जाहिरात आली, चौकट मागे गेली. त्यापुढच्या आठवड्यात निधनवार्ता जास्त होत्या. दोन महिन्यांनी एका जाहिरातीला अक्षरं कमी पडली, तेव्हा सुतळी सोडून ते खिळे खणांत टाकले. तारेतले कागद दिवाळीत रद्दीत गेले.

इथपर्यंत चूक झाली असं म्हणता येतं. २००१ साली त्यांचा दुसरा संग्रह निघाला. प्रकाशकानं ती कविता पान एकतीसवर घातली होती, लोकांना तीच माहीत होती. प्रूफ भीमरावांकडे आलं. त्यांनी ते फूटपट्टी धरून वाचलं आणि खाली सही केली: छापण्यास हरकत नाही. ही चूक झालेली नव्हती, केलेली होती. चोवीस वर्षं त्यांच्याजवळ तिला ‘चूक’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता.

शालनताईंनी पुन्हा कविता पाठवली नाही. पेपर मात्र बंद केला नाही. दोनदा घर बदललं तेव्हा पत्ता बदलल्याचं कार्ड आलं. कार्डावर फक्त पत्ता.

साडेनऊला सौरभचा फोन आला. तो चौतीस वर्षांचा, एका कंपनीत इंजिनिअर.

“काका, जय भीम. प्रूफ ओके ना?”

“एक चूक आहे.”

“कुठली ओळ?”

“एक वाजेपर्यंत सांगतो.”

“काका, एक म्हणजे एक हां. मशीनवर लावायचंय. नंतर चेंज नाही होणार, ग्रॅनाइट आहे तो, तुमचा पेपर नाही.”

भीमरावांनी उरलेल्या दोनशे पट्ट्या चिकटवल्या. काम अर्धं टाकून उठायची सवय नव्हती, शिवाय उठून कुठं जायचं, हे त्यांना कळलं होतं. त्या कापलेल्या दोन ओळी त्यांना आठवत नव्हत्या. एकतीस वर्षांत कित्येकदा आठवून पाहिल्या होत्या. दुरुस्ती करायची तर पूर्ण करायला हवी, आणि त्या ओळी जगात एकाच माणसापाशी होत्या. पत्ता शोधावा लागला नाही. तो तर दर आठवड्याला ते स्वतः चिकटवत होते.

कोथरूडच्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली. एका बाईंनी त्यांना ओळखलं. “रविवारी येतोय आम्ही सगळे,” त्या म्हणाल्या. भीमरावांनी हात जोडले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार शालनताईंनीच उघडलं. सदुसष्ट वर्षं, केस आखूड कापलेले, कमरेला नॅपकिन खोचलेला.

“जय भीम,” भीमराव म्हणाले. “मी रोकडे.”

“दिसतंय. चपला आत घ्या, वरच्या मजल्यावरचं कुत्रं नेतं.”

त्यांनी पाणी दिलं. टीपॉयवर मागच्या आठवड्याचा ‘मुठाकाठ’ होता, घडी मोडलेला, वाचलेला. भीमरावांनी प्रूफाचा कागद त्याच्यावर ठेवला. शालनताईंनी चष्मा लावून तो वाचला, खालच्या नावासकट, आणि परत तिथंच ठेवला.

“हे कशाला दाखवायला आणलंत?”

“हे कोरायच्या आधी... नाव दुरुस्त करायचंय. मी तेव्हा म्हणालो होतो.”

“पुढच्या अंकात, म्हणाला होतात. मी सहा शनिवार पोस्टमनची वाट बघितली.” त्या बसल्या. “आता का आलात? दगड बसणार म्हणून?”

भीमरावांना दुसरं उत्तर देता आलं असतं. बसमध्ये त्यांनी दोन-तीन तयार केली होती.

“हो,” ते म्हणाले.

“म्हणजे कागदावर चाललं असतं.”

भीमरावांनी टीपॉयवरच्या अंकाकडे पाहिलं.

“एकतीस वर्षं अंक येतोय,” शालनताई म्हणाल्या. “दोन घरं बदलली, एक अंक चुकला नाही. पत्ता कधी चुकला नाही. नाव तेवढं चुकलं.”

“तुम्ही कुणाला बोलला नाहीत.”

“कुणाला बोलायचं? आपल्या लोकांच्या तक्रारी छापणारा पेपर एकच. तो तुमचा.” त्यांनी नॅपकिन काढून मांडीवर घेतला. “मुलाला सांगितलं होतं एकदा. तो म्हणाला, आई, रोकडे सर असं करणार नाहीत. तेव्हापासून नाही सांगितलं.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्या उठून गॅस बारीक करून आल्या.

“नंतर काही लिहिलंत?” भीमरावांनी विचारलं.

“लिहिलं की. वाण्याच्या याद्या.”

मग भीमरावांनी ज्यासाठी आले होते ते मागितलं. शेवटच्या दोन ओळी. माझ्याकडून कागद गेला, म्हणाले. रद्दीत गेला, हेही सांगितलं.

शालनताईंनी लगेच दिल्या नाहीत. प्रूफ पुन्हा हातात घेतलं. “लोकांना शेवट फार आवडतो म्हणे. पाणी कुणाला नाव विचारत नाही. मीपण ऐकलंय, जयंतीला, स्पीकरवरून. दरवेळी वाटायचं, अरे, पुढं आहे अजून.” मग उभ्या राहिल्या आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या:

“मीही विचारत नाही.
आणि माझं कुणी विचारलं नाही.”

भीमराव प्रूफाच्या पाठीमागे लिहून घेत होते. दुसरी ओळ लिहून झाल्यावर त्यांचं पेन कागदावर तसंच राहिलं. जागा नाही म्हणून या ओळी काढल्या होत्या त्यांनी, आणि त्यांच्याबरोबर नाव.

“परत वाचून दाखवा,” शालनताई म्हणाल्या.

त्यांनी वाचून दाखवलं.

“बरोबर.”

“रविवारी तुम्ही याल का? मी समितीला सांगतो, दगडावर तुमचं...”

“दगडाचं तुम्ही आणि तुमची समिती बघा. मी दगड मागितला नव्हता. चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ मागितली होती.” त्यांनी दार उघडलं. “आणि अंक घेऊन घरी येऊ नका. फुलंबिलं तर मुळीच नको. दर आठवड्यासारखा पोस्टानं येऊ द्या. शनिवारी साडेअकराला पोस्टमन येतो. मी घरीच असते.”

चहाचं त्यांनी विचारलं नाही. जिना उतरताना भीमरावांच्या लक्षात आलं की त्यांनी माफी मागायचीच राहिली, आणि शालनताईंनी तिची वाटही पाहिली नव्हती. परत वर जावं की काय, असं वाटून ते दुसऱ्या मजल्यावर थोडा वेळ उभे राहिले. मग खाली उतरले.

सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून एकला दहा कमी असताना त्यांनी सौरभला फोन लावला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पान एकतीससुद्धा.

“काका, चेष्टा करताय?”

“नाही.”

“माझ्या मुलीच्या नामकरणाच्या कार्डावर आहे ती. तुमचं नाव टाकून. तुम्ही मला थँक्यूचं पत्र पाठवलं होतंत.”

“पाठवलं होतं.”

पलीकडे ऑफिसातले आवाज येत होते. “दगड थांबवतो,” सौरभ म्हणाला. “कमिटीला सांगावं लागेल. रविवारचं... बघू.” त्यानं फोन ठेवला. एरवी तो ठेवताना जय भीम म्हणतो.

खोलीवर निकिता येऊन बसली होती. भीमरावांची मुलगी, छत्तीस वर्षांची. सकाळी कोथरूडला क्लासमध्ये गणित शिकवते आणि दर गुरुवारी दोनपासून वडिलांच्या पेपराची पानं कॉम्प्युटरवर लावते. तिसरं पान झालं होतं.

“चौथ्या पानाच्या तळाशी काय आहे?” भीमरावांनी विचारलं.

“तुमची वर्धापनदिनाची कविता. तुम्हीच दिलीत.”

“ती काढ. ‘आमची चूक’ तिथं घे.”

“ती दुसऱ्या पानावर असते.”

“या वेळी तिथं.”

त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला. एका बाजूला दगडाचं प्रूफ, दुसऱ्या बाजूला दोन ओळी आणि बसमध्ये लिहिलेली दुरुस्ती. निकितानं दोन्ही बाजू वाचल्या. मग पुन्हा पहिली बाजू वाचली.

“सातवीत गॅदरिंगला मी ही म्हटली होती,” ती म्हणाली. “माझ्या बाबांची कविता, असं सांगून. तुम्ही पहिल्या रांगेत होतात.”

“होतो.”

“टाळ्या वाजवल्यात.”

“हो.”

खाली बाइंडरचं कटर दोनदा पडलं. निकितानं खुर्ची टेबलाकडे ओढली आणि टाइप करायला लागली. पहिल्याच ओळीला थांबली.

“‘अनवधानाने’ असं लिहिलंय तुम्ही. पुस्तकाचं प्रूफपण अनवधानानं तपासलंत का?”

भीमरावांनी कागद घेऊन तो शब्द काटला.

“आणि ‘आमची चूक’ म्हणजे कुणाची? मी नाही त्यात. आई तर नव्हतीच, ती बिचारी ही कविता फ्रेम करून गेली.”

भीमरावांनी तेही बदललं. एकोणचाळीस वर्षांत चौकटीचं नाव प्रथमच बदललं: माझी चूक. मजकूर असा झाला: ‘ऑगस्ट १९९४ मध्ये याच जागी छापलेली कविता श्रीमती शालन ओव्हाळ यांची आहे. तिच्या शेवटच्या दोन ओळी व कवयित्रीचे नाव मी कापले. २००१ मध्ये ती मी माझ्या संग्रहात, पृष्ठ ३१ वर, माझ्या नावाने छापली. मूळ कविता पूर्ण देत आहे. भी. तु. रोकडे.’ दिलगिरीचं एक वाक्य होतं, ते निकितानं वाचून वडिलांकडे पाहिलं. मजकुराला दोन ओळींची जागा कमी पडत होती. भीमराव म्हणाले, ते वाक्य काढ, कविता कापू नकोस.

दहा ओळी बसल्या. खाली नाव बसलं. त्याच्याखाली मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादकाची ओळ, नेहमीची. या वेळी मधे निकितानं एक जाड रेघ मारली.

प्रूफ निघालं. भीमरावांनी फूटपट्टी धरून वाचलं, चूक नव्हती, आणि कोपऱ्यात सही केली. सहीच्या वर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहायचं असतं. ते त्यांनी जरा वेळ लावून लिहिलं.

“जेवलात का?” निकितानं लॅपटॉप बंद करताना विचारलं. तिनं वर पाहिलं नाही.

“नाही.”

“डबा आहे. मी निघते.”

ती एरवी छापखान्यात फाइल देऊन परत येते आणि दोघं मिळून घरी जातात. त्या दिवशी तिनं फाइल मेलनं पाठवली आणि गेली. भीमरावांनी डबा उघडला नाही. पाच वाजता ते छापखान्यात गेले आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. ओळखीच्या मशीनवाल्यानं पहिली प्रत बाहेर काढली, सवयीनं चौथं पान उघडलं, वाचलं. भीमरावांकडे बघितलं आणि दुसरी प्रत काढायला वळला.

सात वाजेपर्यंत अंक घड्या घालून वेष्टणांत गेले. दोनशे बारावं वेष्टण गठ्ठ्यात आपल्या क्रमानं, दोनशे अकरा आणि दोनशे तेराच्या मधे होतं. समितीकडून तोवर फोन आलेला नव्हता.

‘मुठाकाठ’च्या पहिल्या पानावर, नावाखाली, टपालात टाकण्याचा वार छापलेला असतो: शुक्रवार. उद्या सकाळी साडेदहाला पोस्टाची खिडकी उघडते, आणि चारशे बारा अंक तिथं मोजून दिले जातात.